लामाची पेटी : प्रकल्प नोंदी

४ मे २०२४

यंदाची पेटी लामाची. आमच्या रविवारच्या पुरातत्त्व वर्गासाठी दरवर्षी एक पेटी करायची रीत आहे. पत्र्याची ट्रंक, आत कप्पे, कप्प्यांत मुलांना हाताळता येतील अशा वस्तू. गेल्या वर्षी खापरं होती. यंदाचा विषय मी मागून घेतला: दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात लामा आणि अल्पाका केव्हा पाळीव झाले आणि ते आपल्याला कळतं कसं. खर्चाला ९,००० रुपये, मुदत ७ जुलै.

"एवढ्या लांबचं जनावर कशाला?" हा प्रश्न बैठकीत आलाच. तिथे नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात शेळ्या-मेंढ्यांची हाडं निघाली तेव्हा ती रानटी की पाळीव, यावर फार डोकं खाजवावं लागलं नाही. दख्खनच्या पठारावर रानमेंढी नव्हतीच. मेंढीचं हाड निघालं म्हणजे कुणीतरी ती हाकत आणलेली. अँडीजमध्ये ही सोय नाही. तिथे एकाच डोंगरावर उंटाच्या कुळातले चार भाऊबंद राहतात. ग्वानाको आणि विकुन्या रानटी, लामा आणि अल्पाका पाळीव. सांगाडे जवळपास सारखे. चौघांचा आपसात संकर होतो आणि त्या संकराची पिल्लंही पुढे वितात. शिकाऱ्याने मारून आणलेला ग्वानाको आणि पाळणाऱ्याने कापलेला लामा, राखेत पडलेलं हाड दोघांचंही तसंच.

म्हणजे पेटीचा प्रश्न एकच: समोर हाडांचा ढीग आहे, हा शिकाऱ्यांचा उकिरडा की कळपवाल्यांचा?

८ मे

कप्पा १, आकार. चौघांत विकुन्या सगळ्यात लहान, ४५ ते ५५ किलोचा. मग अल्पाका, मग ग्वानाको, आणि सगळ्यात थोराड लामा, १३० किलोच्या पुढेही जाणारा. हाडं मोजणारे बहुधा पायाच्या बोटाचं पहिलं हाड घेतात, नखीपासून मोजलं तर तिसरं. ते टणक असतं, मातीत टिकतं, आणि एका जनावरात आठ मिळतात.

मी पुठ्ठ्याची चार हाडं कापली, चार वेगळ्या मापांची, चार रंगांची. फार सुबक झाली. संध्याकाळी बघत बसले आणि लक्षात आलं की हे साफ खोटं आहे. असा टप्प्याटप्प्याचा जिना कुठेच नाही. मोठा अल्पाका आणि लहान ग्वानाको एकाच मापात बसतात, मादी लामा ग्वानाकोच्या मापात शिरते, वयात न आलेला लामा तर कुठेही. मापांवरून फार तर "थोराड गट" आणि "लहान गट" एवढंच छातीठोकपणे म्हणता येतं. थोराड गटात ग्वानाको आणि लामा, लहान गटात विकुन्या आणि अल्पाका. म्हणजे दोन्ही गटांत एक रानटी आणि एक पाळीव. आपल्याला हवा तो प्रश्न जिथल्या तिथे.

पुठ्ठा फेकला. त्याऐवजी २४ पुठ्ठ्याची हाडं करणार, एकमेकांत मिसळणाऱ्या मापांची, सगळी एकाच करड्या रंगाची. मुलं वर्गवारी करायला बसतील आणि अडतील. अडायलाच हवीत.

१२ मे

कप्पा २, दात. हा कप्पा मला मनापासून करायचा होता, कारण इथे पहिल्यांदा काहीतरी हाताला लागतं.

पेरूच्या हुनीन पठारावर, समुद्रसपाटीपासून ४,४२० मीटरवर, तेलारमाचाय नावाचा खडकाचा आडोसा आहे. १९७० च्या दशकात दानिएल लावाये या फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बाईंनी तिथे उत्खनन केलं. प्राण्यांच्या हाडांचं काम जेन व्हीलर यांनी केलं. हजारो वर्षं माणसं तिथे येऊन-जाऊन राहिली, त्यामुळे थरावर थर. खालच्या थरांत हरणं आणि रानटी ग्वानाको-विकुन्या यांची हाडं मिसळलेली, वर यावं तसं हरीण कमी होत जातं. पण "उंटवर्गी प्राणी वाढले" म्हणजे "पाळले" असं होत नाही. शिकारीची आवड बदलली असेल. कौल दिला तो पटाशीच्या दातांनी.

खालच्या जबड्यातले पटाशीचे दात चौघांचे तीन तऱ्हांचे असतात:

विकुन्याचा दात चपट्या काडीसारखा, दोन्ही कडा समांतर. एनॅमल फक्त ओठाकडच्या बाजूला. मूळ कधी बंद होत नाही, उंदराच्या दातासारखा तो वाढतच राहतो.

ग्वानाको आणि लामाचा दात फावड्यासारखा, वर रुंद, खाली निमुळता. एनॅमल चहूकडून, मूळ बंद.

अल्पाका मधलाच. आकार विकुन्यासारखा, एनॅमलही एकाच बाजूला, पण वय झालं की मूळ बंद होतं.

असे मधले दात तेलारमाचायला सुमारे ६,००० ते ५,५०० वर्षांपूर्वीच्या थरांत दिसू लागतात. रानात असा दात असलेला प्राणी नाही. म्हणजे तोवर कुणीतरी विकुन्याच्या कळपात हात घातलेला होता. अल्पाका विकुन्यापासून आला, हे पुढे २००१ मध्ये जनुकांच्या अभ्यासानेही दाखवलं. त्याआधी कित्येक वर्षं अल्पाका म्हणजे लामाचाच एक केसाळ प्रकार असं मानणारे बरेच होते. व्हीलरबाईंचं नाव त्याही अभ्यासात आहे. दातांवरून म्हटलेलं रक्तावरून खरं ठरलेलं बघायला मिळणं फार थोड्यांच्या नशिबी येतं.

तिन्ही दात चित्रांवरून संगणकावर घडवले, पाचपट मोठे. उद्या छपाईला.

१४ मे

दिवसभर वीज नाही.

१७ मे

त्रिमितीय छपाईच्या दुकानातून दात आले. विकुन्याचा दात उलटा करून पाहिला तर मूळ बंद. गुळगुळीत टोपी बसवल्यासारखं. आधी वाटलं माझीच चूक. घरी येऊन फाइल उघडली, तिथे मूळ उघडंच होतं. दुकानात फोन केला. त्यांच्या संगणकाला ते भोक "बिघाड" वाटलं आणि त्याने ते आपोआप बुजवलं. "ताई, मॉडेलला भोक असलं तर मशीन घेत नाही, म्हणून आम्ही दुरुस्त करूनच देतो."

म्हणजे यंत्राने एका रात्रीत विकुन्याचा अल्पाका केला. अँडीजमधल्या लोकांना त्याला किती पिढ्या लागल्या असतील!

राग आला होता, पण हसूही आलं. मुळाला आतून जाडी देऊन फाइल पुन्हा पाठवली. आणखी ६५० रुपये.

२१ मे

दात नीट आले. एनॅमलच्या जागी पांढरा चकचकीत रंग, बाकी पिवळी माती गोंदात कालवून. विकुन्या आणि अल्पाकाला फक्त पुढून पांढरा, लामाला चहूकडून. भाच्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधून हातात दिले. पहिल्या फेरीत तीनांत एक चुकला, दुसऱ्या फेरीत एकही नाही. तो म्हणाला, "मावशी, पाठ नाही करावं लागत, बुडाला बोट लावलं की कळतं." हेच वाक्य कप्प्याच्या झाकणावर लिहिणार होते. मग वाटलं, मुलांना स्वतःच कळू दे.

२३ मे

कप्पा ३. यावर तीन दिवस घुटमळते आहे.

तेलारमाचायच्या हाडांत आणखी एक गोष्ट आहे, दातांहून बोलकी आणि दातांहून वादाची. पोटातल्या आणि नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची हाडं. जुन्या थरांत उंटवर्गी प्राण्यांच्या हाडांत ती साधारण तिसरा हिस्सा. वरच्या थरांत निम्म्याहून जास्त, आणि शेवटी ७० टक्क्यांच्याही पुढे. शिकारी इतकी तान्ही पिल्लं मारून आणत नाही, त्यात मांस ते किती? लोकरीसाठी किंवा ओझ्यासाठी कळप ठेवणाराही ती मुद्दाम कापणार नाही. मग मेली कशाने?

व्हीलरबाईंचं म्हणणं: रोगाने. मादी अकरा महिने गाभण राहते, एका वेताला एकच पिल्लू देते, आणि वितात त्या डिसेंबर ते मार्चमध्ये, तिथल्या ऐन पावसाळ्यात. रानात माद्या पांगलेल्या असतात. वाड्यात, म्हणजे कुंपणात, कोंडल्या की चिखल, शेण, ओल, आणि त्यात आदल्या दिवशी जन्मलेली पिल्लं. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जंतू तिथे फोफावतो, जुलाब लागतात आणि पिल्लू दोन दिवसांत जातं. आजही अल्पाकांच्या कळपांत वाईट वर्षी निम्मी पिल्लं अशी दगावतात.

म्हणजे वाड्याची भिंत सापडण्याआधीच वाडा सापडला, मेलेल्या पिल्लांमधून. पाळणं म्हणजे सांभाळणं, हे आपण धरून चालतो. त्याचा पहिला ढळढळीत पुरावा सांभाळता न आलेल्यांचा निघावा, हे मला पचायला वेळ लागला. पण मुलांसमोर हे ठेवायचं कसं? शंभर मण्यांमधले सत्तर लाल करून? त्याने आकडा कळेल, वाडा कळणार नाही.

जंतूचं नाव वाचून काहीतरी ओळखीचं वाटत होतं. रात्री आठवलं. शेळ्या-मेंढ्यांना पावसाआधी जी लस टोचतात ती याच जंतूवरची. आंत्रविषार.

२५ मे

सासवडच्या पुढे एका शेतात धनगरांचा वाडा उतरला होता. कोकणातून परतलेली मंडळी, सव्वादोनशे मेंढरं, तीन घोडी, जाळ्यांचं कुंपण. ओळखीच्या शेतकऱ्याने गाठ घालून दिली. वयस्कर मामा खाटेवर बसले होते. लामाचा फोटो दाखवला. बराच वेळ निरखून म्हणाले, "मान उंटाची, अंग मेंढराचं. नखरा बगा चेहऱ्यावं."

पहिला प्रश्न त्यांचाच: "दूध किती देतं?"

दूध काढतच नाहीत म्हटल्यावर ते खाटेवर सरळ झाले. "मग पाळायचं कशापायी?"

मी सांगत गेले. लोकर अल्पाकाची, ओझं लामाचं, मांस दोघांचं. नर लहानपणी खच्ची करून पाठाळ बनवतात. एका जनावरावर २५-३० किलो, दिवसाला १५ ते २० किलोमीटर. जास्त लादलं तर बसून राहतं, उठत नाही. माणूस त्यावर बसत नाही. मामांनी मान हलवली. "आमच्या घोडीवं याच्या दुप्पट जातंय. पण घोडीला चारा लागतो. ह्याला काय लागतं?" वर वाढणारं राठ गवत, इचू म्हणतात त्याला, आणि डोंगरातल्या पाझरांवरची पाणथळ कुरणं, जी वर्षभर हिरवी राहतात. मेंढीच्या खुरांनी त्या कुरणाची जशी माती होते तशी लामाच्या पायांनी होत नाही, कारण त्याचा तळवा मऊ असतो. हे त्यांना पटलं. तळव्याचा फोटो मागून घेतला.

मग आंत्रविषाराचं काढलं. नाव ऐकताच मामींनी आतून उत्तर दिलं, "लस झाली परवाच." मामा म्हणाले, "पैल्या पावसाचं कवळं गवात हावरटावानी खाल्लं की रातच्याला चांगलं असलेलं कोकरू सकाळी आडवं. त्यात वाडा एकाच जागी ऱ्हायला तर बगायलाच नको. म्हणून आमी हालतो. लोक म्हन्त्यात धनगर भटकतो. भटकत न्हाय, वाडा नासायच्या आत उठतो."

एवढं वहीत लिहून घेतलं. मग तेलारमाचायची गोष्ट सांगितली: गुहेत पिल्लांची हाडं, सत्तर टक्के. त्यांनी एकच विचारलं, आणि मी गप्प झाले.

"मेल्यालं कोकरू आमी लांब नेऊन टाकतो. कुत्री-कोल्ही खात्यात. घरात कोन ठिवतंय? त्येंनी घरात का आनलं?"

माझ्या वाचनात रोगाचा मुद्दा होता, मेलेल्या पिल्लाच्या वाटेचा नव्हता. तिथे बसल्या बसल्या जे सुचलं ते सांगितलं: ४,४०० मीटरवर अन्न फेकायची ऐपत कुणाची नसते, पिल्लाचं कातडंही मऊ असतं, कामाला येतं. हाडं आडोशात आहेत म्हणजे ती कुणीतरी घरात आणली, हेही एक पाळणंच. मामा म्हणाले, "आसंल." त्या "आसंल"मध्ये अर्धाच होकार होता, आणि तेवढाच रास्त आहे. रोगाने मेलेलं असो की कापलेलं, वितीच्या दिवसांत माणसं कळपाच्या अगदी जवळ राहत होती, एवढं मात्र त्या हाडांवरून नाकारता येत नाही.

निघताना रात्रीचे अकरा वाजत आले होते. चंद्र वर आलेला, आकाशगंगा दिसायचा प्रश्नच नव्हता. पण दक्षिणेला डोंगराच्या कडेवर दोन ठळक तारे होते, मित्र आणि मित्रक. अँडीजमधल्या केचुआ भाषेत त्यांना लामाचे डोळे म्हणतात. तारे जोडून केलेली आकृती नव्हे ती. आकाशगंगेतला काळा पट्टा म्हणजे लामा आणि तिचं पिल्लू, डोळे तेवढे ताऱ्यांचे. १६०० च्या सुमारास पेरूच्या वारोचिरी भागात लिहिलेल्या केचुआ हस्तलिखितात या लामाचं नाव याकाना आहे. मध्यरात्री ती खाली उतरून समुद्राचं पाणी पिते, म्हणून जग बुडत नाही. मामांना दाखवलं. म्हणाले, "तिला तहान लय दिसतीय."

२७ मे

कप्पा ३ ठरला. मणी नाहीत. जाळीचा छोटा वाडा, आत ओली माती, दहा मातीची पिल्लं. मुलं फासे टाकणार, चिखलाच्या फेरीत पिल्लू बाहेर, वाडा हलवला तर फासा माफ. शेवटी बाहेर काढलेली पिल्लं मोजून विचारायचं: ही टाकणार कुठे? मामांचा प्रश्न.

९ जून

कप्पा ४, लेंड्या. लामाच्या मिळणं शक्य नाही, शेजारच्या गोठ्यातून शेळीच्या आणून वाळवल्या. आई म्हणाली, "गच्चीत काहीही वाळवतेस, निदान पापडांपासून लांब."

लामा-अल्पाका जिथे-तिथे लेंड्या टाकत नाहीत. कळपाच्या ठरलेल्या जागा असतात, तिथे ढीग साचतो. झाडं उगवत नाहीत अशा उंचीवर हे म्हणजे आयतं जळण. सुकवून चुलीत घालतात, ताकिया म्हणतात त्याला. आपल्या गोवऱ्यांचं काम, फक्त थापायचं कष्ट नाही. जनावराने खाल्लेलं रानबी लेंडीतून चुलीत जातं आणि जळून कोळसा झाल्यामुळे टिकतं. टिटिकाका सरोवराकाठच्या जुन्या चुलींतले जळके दाणे बघताना हा पेच कायम असतो: हे माणसाने रांधलेलं की लामाने चरलेलं? किनोआ या तिथल्या धान्याच्या कुळातल्या बियांबद्दल तर फारच. एक मत असंही आहे की जुन्या वाड्यांच्या खतावर लेंड्यांतून आलेल्या या बिया दाट उगवल्या आणि तिथूनच माणसाचं लक्ष किनोआकडे गेलं.

खरी गंमत कुस्कोजवळच्या मार्काकोचाची. ओयांताइताम्बोच्या वरच्या खोऱ्यातलं हे छोटंसं तळं आता गाळाने भरलंय. तळ्याकाठच्या कुरणात तांडे थांबायचे, लेंड्या पडायच्या, आणि त्या ओलसर लेंड्यांवर जगणारे ओरिबॅटिड माइट, मिलिमीटरभराचे गोचिडीच्या कुळातले जीव, मरून गाळात जायचे. अॅलेक्स चेपस्टो-लस्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाळाचा उभा गज काढला आणि थरागणिक माइट मोजले. इंका काळात संख्या चढते. १५३२ मध्ये स्पॅनिश आले, त्यानंतर आकडा कोसळतो. लिहिणारा कुणी नसताना कळपांची मोजदाद माइटनी ठेवली. पुढे आकडा पुन्हा चढतो, तेव्हा कुरणात गायी-घोडे-मेंढ्या आलेल्या असतात.

त्याच गाळात मक्याचे परागकण आहेत, आणि सुमारे २,७०० वर्षांपूर्वी मका आणि माइट दोन्ही एकदम वाढतात. एवढ्या उंचीवर मका घ्यायचा तर खत हवं. हे वाचताना शेतात मेंढरं बसवायला धनगराला बोलावणारा आपला शेतकरी आठवलाच. रात्रीच्या लेंड्यांचे पैसे मोजतात लोक.

कप्प्यात काय: काचेची उभी नळी, गाळाचे रंगीत थर, माइट म्हणून मोहरी. मोजून काढायच्या.

१५ जून

कप्पा ५, तांडा. इथे मी पसरट झाले होते, आज कापलं.

पाठाळ जनावरांचा तांडा समजवायला मराठीत उसनवारी लागत नाही. लमाण बैलांवर गोण्या लादून मीठ-धान्य नेत, तिथे लामांवर मीठ, वाळवलेलं मांस, कोका, मका. अॅक्सेल नील्सन या अर्जेंटिनी पुरातत्त्वज्ञाने बोलिव्हियाच्या दक्षिणेला लिपेस भागातल्या तांड्यांबरोबर फिरून मुक्कामाच्या जागा टिपल्या. मागे काय उरतं? वाऱ्याला अडवणारी अर्धगोल बुटकी भिंत, चुलीचा काळा डाग, लेंड्या. भांडं फुटलं तर खापर. शंभर रात्री मुक्काम झाला तरी एवढंच. म्हणून जुने तांडे शोधणारे गावं कमी आणि वाटा जास्त बघतात. चिलीतल्या लोआ नदीच्या वरच्या भागात, ताइरा इथे, खडकात कोरलेले-रंगवलेले लामा आहेत, काहींच्या पोटात पिल्लू दाखवलेलं.

मांसाबद्दल एक मजेदार भांडण आहे. चाविन दे वांतार, पेरूमधलं सुमारे ३,१८० मीटरवरचं देवस्थान. उत्तरकाळात तिथल्या हाडांत जवळपास सगळे उंटवर्गी, पण डोकी आणि पाय कमी. जॉर्ज मिलर आणि रिचर्ड बर्गर यांनी १९९५ मध्ये मांडलं की वरच्या पठारावरचे पशुपालक मांस हाडांसकट वाळवून खाली विकत, डोकी-पाय वरच राहत. या वाळवणाला केचुआत चार्की म्हणतात, जगभर पोचलेला "जर्की" हा शब्द त्यातूनच निघाला. १९९९ मध्ये पीटर स्टाल यांनी विचारलं, हाडं मुळात टिकतात किती? प्रत्येक हाडाची घनता वेगळी. जे कमी दिसतं ते विकलं गेलं की मातीत विरलं? मला स्टाल यांची शंका जास्त आवडते, पण वाळवणाची कल्पना सोडवत नाही. मुलांना दोन पिशव्या देणार, एकीत डोकी-पाय नाहीत, दुसरीत ठिसूळ हाडं नाहीत. वेगळ्या ओळखता येतात का बघू दे.

२२ जून

कप्पा ६, लोकर. बाजारातून तीन प्रकारची लोकर आणली: घोंगडीची, स्वेटरची, आणि एक महागडी मऊ लडी अल्पाका म्हणून विकलेली. दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवलाय.

दक्षिण पेरूत मोकेगुआजवळ एल यारालला सुमारे हजार वर्षांपूर्वीचे लामा-अल्पाका सापडले, कोरड्या हवेत आपोआप सुकलेले, २६ जनावरं. चिरिबाया संस्कृतीच्या लोकांनी त्यांना बळी देऊन घरांच्या जमिनीखाली पुरलेलं. कातडी-लोकरीसकट. अल्पाकातल्या सर्वांत तलम प्रकाराचे केस जाडीला १८ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास भरले, आणि अंगभर एकसारखे. आजचे बहुतेक कळप याच्या जवळ जात नाहीत. लामाही तलम लोकरीचे होते, आजच्या राठ केसांसारखे नाही. कुणीतरी निवडून निवडून पैदास करत होतं, पिढ्यान्पिढ्या.

मग स्पॅनिशांचा विजय, रोगराई, मेंढ्या. माणसं मेली, पैदास सांभाळणारे मेले. १५४४-४५ च्या सुमारास खरजेची साथ आली. जे उरले ते कळप एकमेकांत मिसळले. २०२० मध्ये छापलेल्या एका जनुकीय अभ्यासात आजच्या अल्पाकाच्या जनुकसंचातला ३६ टक्क्यांपर्यंतचा भाग लामाकडून आलेला निघाला.

हे वाचून कप्पा १ पुन्हा उघडला. पुठ्ठ्याच्या हाडांची मापं मी आजच्या जनावरांवरून घेतली होती. आजच्या अल्पाकात तर तिसरा हिस्सा लामा! एल यारालच्या कळपाला ही फूटपट्टी लावायची कशी? मापं बदलली नाहीत, दुसरी आणणार कुठून. झाकणाच्या आत ओळ घातली: "ही हाडं आजच्या जनावरांवरून."

२९ जून

इंका काळाला सातवा कप्पा करावा असं दोघांनी सुचवलं. दोऱ्याच्या गाठींचे खिपू, राज्याचे आणि देवांचे वेगळे कळप, कळप राखणारे यामाकामायोक, पेरूतल्या ताम्बो विएहोचे लाल रंगवलेले, कानात गोंडे घातलेले बळीचे लामा. सगळं देखणं आहे. पण तोवर पाळीव की रानटी हा प्रश्न केव्हाच निकाली निघालेला. नको. ताम्बो विएहोचा फक्त एक फोटो झाकणाला चिकटवला, कारण कानातले गोंडे बघून मामांना आनंद होईल.

७ जुलै

वर्ग झाला. सोळा जण, एक आजोबा धरून.

कप्पा १ ला अपेक्षेप्रमाणे भांडणं. एका मुलीने २४ हाडं एका रांगेत लावली आणि म्हणाली, "यात रेघ मारायची जागाच नाही." तिला चहा पाजला. मोहरी सांडली, अर्धा तास माइट शोधत होतो. लामा आणि तिबेटी लामा यांचा संबंध काय, हे तिघांनी विचारलं. काहीच नाही, आपला तो केचुआ शब्द, स्पॅनिशातून आलेला, तिथे उच्चार "ल्यामा"च्या जवळ.

चिखलाच्या वाड्यात एका गटाची दहापैकी सहा पिल्लं गेली. टाकणार कुठे, विचारल्यावर आजोबा म्हणाले, "थंडी किती आहे तिथे? मग टाकायची कशाला, खायची." बाकीचे अवघडले. आजोबांनी बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट काढली आणि कप्पा ५ ला वेळ उरला नाही.

आणि दात. भाच्याने पेटी भरताना फसलेला दात, बंद मुळाचा विकुन्या, चुकून त्याच कप्प्यात टाकला होता. मला माहीत नव्हतं. दोन गटांनी तो उचलला, बुडाला बोट लावलं, एनॅमल पाहिलं, आणि बिनदिक्कत लिहिलं: अल्पाका. मी उत्तरपत्रिका बघत म्हणाले की पेटीत अल्पाकाचा दात एकच आहे, दुसरा कुठून आला? तेव्हा कुठे उलगडा झाला. त्यांची चूक नव्हतीच. हातातली वस्तू त्यांनी बरोबर ओळखली होती.

१४ जुलै

हिशेब: ९,००० पैकी ८,७३०. छपाई दोनदा झाली नसती तर साडेसहाशे रुपये आणखी उरले असते.

दुरुस्त्या: मोहरी सांडू नये म्हणून नळीला झाकण. कप्पा ५ च्या पिशव्यांवर अक्षरं. वाड्याची जाळी फाटली, नवी.

फसलेला दात काढून टाकला नाही. त्याला क्रमांक ७ दिला. उत्तरपत्रिकेत त्याच्यासमोर जागा कोरी ठेवली आहे.